रिकाम्या खोलीतला पंखा

अंबे, सोमवारी सांगते म्हणालीस आणि रविवारीच गेलीस. ही कुठली गं पद्धत?

शुक्रवारची दुपार होती. माझा तास चालू होता, पण प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर राहिली म्हणून मी मधेच वर आले आणि तुला रंगेहाथ पकडलं. आपली ती विभागाची खोली, डोक्यावर नुसता स्लॅब, मार्च लागला की आत भट्टी. तू तुझ्या तासाला निघाली होतीस. काखेत पापडाचा डबा, दुसऱ्या हातात लॅपटॉप, आणि तशात कोपराने पंख्याचं बटण दाबून तू रेग्युलेटर पाचावर नेलास. आत चिटपाखरू नाही. दार ओढून घेणार एवढ्यात समोर मी.

"अगं, आपण दोघी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवतोय आणि तू रिकाम्या खोलीत पंखा लावून निघालीस?"

"असू दे गं."

"असू दे काय? रोज मी तासावरून येते तर हा गरगरत असतो. इतकी वर्षं मी तुला विसरभोळी म्हणतेय आणि तू 'हो गं, विसरले' म्हणून ऐकून घेतेस! मुद्दाम लावतेस होय? का लावतेस, कारण सांग."

तू हसलीस. तुझं ते आधी डोळ्यांनी आणि मग तोंडाने हसणं. "एमे, पिच्चिदाना, तास चालू आहे ना तुझा? पळ," म्हणालीस. इतक्या वर्षांत तुझं तेलुगू मला दोनच शब्दांपुरतं आलं, अगं आणि वेडे. मग डबा खुळखुळवत जिना उतरताना वर न बघताच म्हणालीस, "सोमवारी सांगते."

रविवारी सकाळी भावजींचा फोन आला. "शैलाताई, अंबिका गेली हो." मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच असं विचारलं मी. त्या बिचाऱ्या माणसाला ते परत एकदा, नीट, सांगावं लागलं.

आता तुझे दिवस झाले. घरी येणारी-जाणारी माणसं कमी झाली असतील. मला वाटलं होतं मला रडू येईल, पण सगळ्यात आधी राग आला. तो अजून गेलेला नाही. बाकी कुणाला 'सोमवारी सांगते' हा साधा शब्द वाटेल, पण मला माहीत आहे ना, तो तुझा कायदा होता. प्रश्न शुक्रवारी टाकायचा, पोरांकडून बटणं दाबून घ्यायची आणि उत्तर सोमवारपर्यंत सांगायचंच नाही. "उत्तर काय गं, कैरीच्या फोडीसारखं, लगेच दिलं तर दात आंबतात. मुरू दे जरा," असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, "तुझ्या मुरण्याच्या नादात माझा अभ्यासक्रम नासतोय." तुझी पोरं शनिवार-रविवार घरी, मागावर, एसटीत, शेतात तो प्रश्न घोळवत बसायची आणि सोमवारी तुझ्या वर्गात जागा मिळायची नाही. माझ्या वर्गात सोमवारी गावाकडून परत न आलेल्यांची बाकं रिकामी असायची. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण तू काय आंधळी होतीस?

तो डबा तू पहिल्यांदा विभागात आणलास तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कुठल्याशा योजनेतून महाविद्यालयाला ते छोटे रिमोट मिळाले होते, तळहाताएवढे, चार-पाच बटणांचे. पोरांनी बटण दाबलं की लॅपटॉपला कळायचं आणि भिंतीवर पट्ट्या उभ्या राहायच्या, अ किती, ब किती. बरेच महिने ते खोक्यातच पडून होते. कुणी हात लावेना, मोडले तर जबाबदारी कुणाची म्हणून. तू ते खोकं उघडलंस, घरून पापडाचा जुना डबा आणलास, रिमोट त्यात ओतलेस, आणि वर्गाच्या दारात स्टुलावर ठेवलास. आत जाताना हात घालायचा, हाताला येईल तो रिमोट घ्यायचा, जाताना परत टाकायचा. कुणाचा कुठला, काही पत्ता नाही.

मी म्हणाले, "ही काय टीव्हीवरची स्पर्धा आहे का? बटणं कसली दाबताय? उभं राहून, नाव सांगून, ताठ मानेनं उत्तर द्यायला शिकव की पोरांना."

"उभं कोण राहतं शैले? पहिल्या बाकावरचे तेच ते चौघं. बाकीचे मान खाली घालून बसतात. मला त्या मानांचं काय चाललंय ते कळायला हवं."

"नाव नसलं की जबाबदारी नसते."

"नाव आलं की भीती येते."

झालं! तिथून जे सुरू झालं ते शुक्रवारपर्यंत चाललं. अंबे, आपल्या मैत्रीत प्रेमाचे शब्द किती आणि भांडणाचे किती, याच्या पट्ट्या काढल्या असत्या तर प्रेमाची पट्टी जमिनीला टेकलेली दिसली असती.

तुझा पहिला बटणाचा तास मी बाहेरून ऐकला. खरं तर तक्रार करायला आले होते, कारण शेजारच्या वर्गात माझा आवाज मलाच ऐकू येईना. तू प्रश्न टाकला होतास: चेंडू सरळ वर फेकला, अगदी वर जाऊन क्षणभर थांबला, त्या क्षणी त्याच्यावर बल कोणतं? पोरांनी बटणं दाबली. पट्ट्या आल्या आणि सगळ्यात उंच पट्टी चुकीच्या उत्तराची. बल शून्य. थांबलाय म्हणजे कुणी ओढत नाही. मी असते तर कपाळाला हात लावला असता आणि फळ्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं असतं. तू नुसती म्हणालीस, "शेजारच्याला पटवून द्या. तुमचं तेच कसं बरोबर, ते सांगा."

मग जो गलका उठला! मागच्या कोपऱ्यात अक्कलकोटकडच्या मुली कानडीत 'इल्ला, इल्ला', नाही नाही, करत एकमेकींचे हात धरतायत, शहराच्या पूर्व भागातली तुझ्याच आळीतली पोरं तेलुगूत तावातावाने बोलतायत, कुणी मुसलमान पोरगा हवेत पेन फेकून दाखवतोय, "देख रे, उप्पर रुक्या तो बी नीच्चेच आता ना!" दारातून मी ओरडले, "अंबिका, हा वर्ग आहे का बाजार?" तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "बार्शीची ना तू? मोंढ्यात वाढलीस. बाजारात भाव ठरतो तो असाच ठरतो की." माझे वडील धान्याच्या अडतीवर होते, त्याचा असा वापर करायचीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तुझी पोरं खदखदून हसली.

या वर्षी अशाच एका तासाला ती महानंदा पहिल्यांदा बोलली. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, मराठी तोलूनमापून बोलणारी, महिनाभर तोंडाला कुलूप लावून बसलेली. तास संपल्यावर डब्यात रिमोट टाकताना तुला म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मलाच काय कळत न्हाय. चुकनारी मी एकटीच न्हाय की!" हे सांगताना तुझे डोळे भरले होते. मी म्हणाले, "यात रडण्यासारखं काय? चुकलीच ना ती?" तू म्हणालीस, "हो, चुकली. पण आता एकटी नाही चुकणार."

तेव्हा मला ते वाक्य फार गोड वाटलं, म्हणजे साखर जास्त झालेल्या चहासारखं. आता तेच आठवत बसते.

मग मीही मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. म्हटलं बघू तरी काय थेर चाललेत. डब्यात हात घालून रिमोट घ्यायची आणि मुद्दाम चुकीचं बटण दाबायची, तुझी पट्टी बिघडावी म्हणून. तू भिंतीकडे बघून गंभीरपणे म्हणायचीस, "आज वर्गात एक उत्तर असं आलंय की ते द्यायला फार शिकलेलं माणूस लागतं." पोरं मागे वळून बघायची, मी खिडकीबाहेर बघायची. एवढी मजा मी माझ्या स्वतःच्या तासाला कधी केली नाही.

पण आपलं खरं भांडण 'माहीत नाही'वरून होतं. प्रत्येक प्रश्नाला शेवटचा पर्याय तोच. ड, माहीत नाही. मला ते बटण डोळ्यांसमोर नको व्हायचं.

"माहीत नाही हे काय उत्तर झालं? परीक्षेत लिहिलं तर गुण देशील?"

"परीक्षेत नाही देणार. वर्गात देईन."

"पळवाट आहे ती."

"पळणारा अंदाजाने अ दाबतो गं. ड दाबायला हिंमत लागते. तू कधी म्हणालीस का वर्गात, मला माहीत नाही म्हणून?"

"मी शिक्षक आहे. मला माहीत असलंच पाहिजे."

"एकदा म्हणून बघ. जीभ झडत नाही."

"नाही म्हणणार."

"बरं," म्हणून तू जेवणाच्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढलीस. भांडण तिथेच ठेवून आपण जेवलो. तुझी चटणी लई तिखट असायची, आणि मी रोज तसं म्हणायची, आणि रोज मागून घ्यायची.

आता मी एकटी जेवते. चटणी दुकानातून आणली एकदा. तिखट नव्हती. कुणाला सांगू ते? घरी माणसं आहेत, बोलायला सगळे आहेत. पण मी काहीही म्हटलं की 'हो हो, बरोबर आहे तुझं' म्हणतात. यांनी तर निवृत्त झाल्यापासून मला विरोध करणंच सोडून दिलंय. घरात भांडायला कुणी नाही, विभागात भांडायला कुणी नाही. माणूस इतकं बरोबर असलं की फार एकटं पडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या जाण्यानंतरचा सोमवार शोकसभेत गेला. सगळे छान बोलले. तू मनमिळाऊ होतीस म्हणे! मी बोलले नाही. मला उभं राहून, नाव सांगून, ताठ मानेनं बोलायला सांगितलं होतं, पण मी मान खाली घालून बसले.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. तुझा पहिल्या वर्षाचा वर्ग माझ्याकडे आला होता. ते म्हणाले, "शैला मॅडम, आता तुम्हीच ते रिमोट मार्गी लावा. नंबर तर आहेतच त्यांच्यावर. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नंबर ठरवून द्या, नाव जोडा. हजेरी आपोआप लागेल आणि बरोबर उत्तरांचे गुण अंतर्गत परीक्षेत धरता येतील. अंबिका मॅडम ऐकतच नव्हत्या. तुमचं तर आधीपासून हेच मत आहे."

आहेच ना! मी काय नाही म्हणणार? इतकी वर्षं स्टाफरूममध्ये, जिन्यात, चहाच्या टपरीवर मी हेच तर घसा फोडून सांगत होते. मी विचारलं, "आणि ते 'माहीत नाही'चं बटण?" ते म्हणाले, "त्याला गुण कसे देणार? ते काढूनच टाका." मी हो म्हणाले. जिंकले की मी, अंबे. तू इतकी वर्षं एक इंच जागा दिली नाहीस आणि मग अख्खं मैदान सोडून गेलीस. अशा जिंकण्याला काय चव?

पुढच्या सोमवारी मी तुझ्या वर्गावर गेले. स्टुलावर पापडाचा डबा ठेवला, शेजारी नावं आणि नंबर लिहायला कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. पोरं आली आणि दारातच रांग तुंबली. डब्यात कुणी हात घालेना. सगळ्यात पुढे महानंदा होती. कागदाकडे बघून म्हणाली, "मॅडम, नाव लिव्हायचं का?"

"हो."

ती बाजूला सरकली. तिच्यामागे सांगोल्याकडचा तो उंच बिरू, ज्याच्या घरची मेंढरं आहेत, आणि जो तुझ्या तासाला सगळ्यात जोरात भांडायचा. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, आमचा शुक्रवारचा प्रश्न राहिलाय की. अंबिका मॅडम सोमवारी सांगते म्हनल्या हुत्या. तेवडा हुं द्या, मग नावं लिवतो."

मला वाटलं होतं सोमवार फक्त माझा राहिलाय.

"बरं. आधी बसा," मी म्हणाले. कागद तसाच राहिला. पोरं हात घालून रिमोट घेऊन आत गेली.

तुझा लॅपटॉप उघडला. प्रश्न तिथेच होता, जिना उतरता उतरता सुचला असणार तुला, कारण टाइप करताना दोन अक्षरं चुकली होती. लिहिलं होतं: एका कॉलेजात दोन बायका. त्यांतली एक रोज रिकाम्या खोलीत पंखा लावते, दार ओढून घेते आणि तासाला जाते. तासाभराने ती बंद खोली कशी असेल? अ, थोडी गार. ब, थोडी गरम. क, होती तशीच. ड, माहीत नाही.

अशी गं कशी तू! मी वर भट्टीत उभी राहून तुला कारण विचारत होते आणि तू माझा प्रश्न घेऊन थेट वर्गावर गेलीस. मला हसू आलं, वर्गासमोर, एकटीलाच. पोरं बघत राहिली.

मी तुझ्यासारखंच केलं. आधी बटणं दाबून घेतली. गारची पट्टी सगळ्यात उंच. मग म्हणाले, "शेजारच्याला पटवून द्या." हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले, जरा अडखळलेच. पण पोरांना कुठे फरक पडतो? लगेच गलका सुरू.

बिरू उभाच राहिला. "आरं, लाईट आली की आमी पैला पंखा लावतो. गार हुतंय की! लई गार हुतंय!"

महानंदा मागून म्हणाली, "तुला गार होतंय. घाम येतो ना तुला? वारं लागलं की तो वाळतो, म्हनून. खोलीत कोनच न्हाय तर घाम कुनाला येनार?"

"मग खोली तशीच ऱ्हाईल की."

"कशी ऱ्हाईल? पंख्याची मोटर तापत न्हाय का? आत येनारी सगळी वीज जाती कुठं? दार बंद हाय. उष्णता होऊन आतच ऱ्हानार."

बिरूने डोकं खाजवलं, वर फिरणाऱ्या वर्गातल्या पंख्याकडे बघितलं आणि खाली बसला. मी पुन्हा बटणं दाबून घेतली. या वेळी गरमची पट्टी वर गेली, गारची खाली आली, आणि कोपऱ्यात माहीत नाहीची एक बारकीशी पट्टी उरली. कुणाची, काही पत्ता नाही.

"ब बरोबर," मी सांगितलं. "पंखा खोलीला गार करत नाही, उलट थोडी तापवतो. तो गार करतो माणसाला. आत माणूस नसेल तर पंख्याचा काही उपयोग नाही." तुझा प्रश्न मी संपवला होता आणि मला वाटलं आता नावं लिहून घ्यावीत.

महानंदाने हात वर केला. मग उभी राहिली. स्वतःहून, ताठ.

"मॅडम, ती एक बाई म्हंजे अंबिका मॅडमच ना?"

"हो."

"त्यांना तर हे उत्तर माहीत हुतं."

"हो. माहीत होतं."

"मग त्या का लावत हुत्या पंखा?"

अंबे, अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी सांगू शकले असते. सवय असते हाताची, असं काहीतरी. इतकी वर्षं अडलं तिथे काहीतरी ठोकून दिलंच आहे की. पण तोंड उघडलं आणि तू कोपराने बटण दाबताना दिसलीस, हात दोन्ही भरलेले, तरी लावून जायचीस तू तो पंखा.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

जीभ झडली नाही. कुणी हसलंही नाही. बिरू खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "आसू द्या मॅडम. मुरू द्या."

तास संपला. पोरं एकेक करून डब्यात रिमोट टाकत गेली. तो खुळखुळ आवाज मी पहिल्यांदाच डब्याच्या या बाजूने ऐकला. महानंदा शेवटी आली. रिमोट टाकला, कागदाकडे बघितलं, पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघत थांबली. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. कागद चुरगाळला आणि पर्समध्ये कोंबला.

प्राचार्यांना सांगितलं, नावं जोडायची नाहीत आणि ड काढायचा नाही. ते चकित झाले. "मॅडम, पण तुम्हीच तर इतकी वर्षं..." मी म्हणाले, "मीच म्हणत होते. आता मीच नको म्हणतेय. वर्ग माझ्याकडे दिलाय ना? मग मला घेऊ द्या." ते जरा रागावलेत. रागावू देत. पण तू फार हुरळून जाऊ नकोस. पोरांनी उभं राहून बोलावं हे माझं मत अजून पक्कं आहे. महानंदा उभी राहिली ना? तू म्हणशील, ती बटणामुळे उभी राहिली. मी म्हणेन, माझ्या तासाला उभी राहिली. हे भांडण मिटलेलं नाही आणि मी एकटीने ते मिटवणार नाही.

तासावरून मी वर आले. दार उघडलं. आत उकाडा, पंखा बंद, तुझी खुर्ची टेबलात सरकवलेली, तिच्यावर थंडीपासून राहिलेली तुझी शाल. इतक्या वर्षांत ती खोली मला बंद पंख्याची कधी माहीतच नव्हती गं. तू गेल्यापासून रोज असंच होत होतं, पण मी उकाड्याला शिव्या देत बटण दाबायची आणि बसायची. त्या दिवशी दारातच थांबले. इतकं रिकामं मी आयुष्यात काही पाहिलेलं नव्हतं.

काल तासाला निघाले. काखेत डबा, हातात लॅपटॉप. दारापर्यंत गेले, परत फिरले, तुझ्या टेबलाजवळ जाऊन कोपराने बटण दाबलं, रेग्युलेटर पाचावर नेला आणि दार ओढून घेतलं. खोली गार होणार नाही, ते मला माहीत आहे. आता वर्गालाही माहीत आहे.

परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. दार उघडलं. पंखा फिरत होता, घामावर वारं लागलं, टेबलावरचे कागद फडफडत होते, तुझ्या खुर्चीवरची शाल जराशी हलत होती. आणि अंबे, मला वाटलं, तू इथेच होतीस. आत्ता, माझ्या येण्याच्या जरा आधी, उठून तासाला गेलीस.